आग विझवण्यासाठी मारलेले पाणी जाते कुठे? सातपूरच्या लहान गाळ्यांसाठी सल्ला हवा आहे

पुठ्ठेवाला, सातपूर (प्रश्न)

सातपूर औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याची खोकी करण्याचा लहान कारखाना आहे. द्राक्षांचा हंगाम डोळ्यांसमोर ठेवून आम्ही डिसेंबरपासूनच क्राफ्ट कागदाचे रोल भरून ठेवतो, कारण फेब्रुवारी उजाडला की निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाउसना खोकी आजच्या आज हवी असतात. यंदा जानेवारीत एका रात्री आमच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या इलेक्ट्रोप्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) गाळ्यात वायरिंग पेटले. बंब लवकर आले, जवानांनी तासाभरात आग आटोक्यात आणली आणि कोणालाही इजा झाली नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, तेव्हा पुढील मजकूर तक्रार म्हणून वाचू नये.

माझ्या गाळ्यात जळाले ते मागच्या भिंतीजवळचे छपराचे चार पत्रे आणि दोन रोल, एवढेच. भिजले मात्र साठहून अधिक रोल. उभे रचलेले खालचे रोल पाणी शोषून फुगले, वरच्यांचा तोल गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आग विझून सहा तास उलटल्यावर, एक थप्पी कलंडून चालू स्थितीतल्या मशिनवर पडली. म्हणजे ज्या मशिनला आगीची झळही लागली नव्हती, ते पाण्याने मोडले.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते आहे. शेजारच्या गाळ्यातून आलेले पाणी पिवळसर होते. ते माझ्या आवारातून वाहत पावसाळी गटारात आणि तिथून नाल्यात गेले. तो नाला नासर्डीला मिळतो आणि नासर्डी शहर ओलांडून टाकळीच्या संगमावर गोदावरीत जाते. ज्या संगमाच्या पाण्यात उभे राहून समर्थांनी बारा वर्षे जप केला असे आपण सांगतो, तिथे आम्ही त्या रात्री नेमके काय पाठवले, हे मला आजही ठाऊक नाही.

पाण्याने होणारे नुकसान कमी कसे करावे आणि ते पाणी नाल्यात जाण्यापासून अडवणे लहान गाळेधारकाच्या आवाक्यात आहे का, असे माझे दोन प्रश्न आहेत. माझा गाळा २० मीटर बाय १५ मीटर असून पुढे सुमारे २५० चौरस मीटर मोकळे आवार आहे. एका सल्लागाराने दारात १० सेंटीमीटर उंचीचा उंबरा बांधण्यास सांगितले आहे. हिशेबाने त्यात ३० हजार लिटर पाणी अडते, परंतु ते आतच अडले तर माझे उरलेसुरले रोलही भिजणार नाहीत का?

निवृत्त फायरमन

आपली शंका रास्त आहे. तो उंबरा आपल्या शेजाऱ्याच्या दारात हवा, आपल्या दारात नव्हे. ज्या गाळ्यात विषारी द्रव्ये आहेत तिथले पाणी आतच राहिले पाहिजे आणि ज्या गाळ्यात कागद, कापड किंवा धान्य आहे तिथले पाणी जितक्या लवकर बाहेर पडेल तितके चांगले. मात्र ते बाहेर पडून आवारात थांबले पाहिजे, रस्त्यावर जाता कामा नये. आपल्या आवाराच्या फाटकात १५ सेंटीमीटरचा उतरता उंचवटा केला, ट्रक सहज चढतो तसा, आणि आवाराची फरशी मधोमध थोडी खोलगट ठेवली तर २५० चौरस मीटरमध्ये साधारण ३७ हजार लिटर पाणी मावते. पावसाळी गटाराच्या तोंडाशी एक गेट व्हॉल्व्ह बसवावा लागेल. पावसाळ्यात तो उघडा राहणार हे उघड आहे, म्हणून तो कोणी बंद करायचा हे रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला आजच सांगून ठेवावे आणि व्हॉल्व्हची चावी ऑफिसच्या कपाटात नव्हे, तर व्हॉल्व्हजवळ ठेवावी. मी असे तीन व्हॉल्व्ह पाहिले आहेत जे गंजून जागीच बसले होते, तेव्हा महिन्यातून एकदा तो फिरवून पाहणेही आलेच.

तरीही एवढ्याने पुरेल असे समजू नये. मोठ्या कारखान्यांत हायड्रंटसाठी, म्हणजे बंबाची नळी जोडण्याच्या नळांसाठी, मिनिटाला २,२८० लिटरचा पंप सर्रास बसवतात. तो एक तास पूर्ण क्षमतेने चालला तर १,३६,८०० लिटर पाणी होते. म्हणून अडवण्याची सोय करतानाच मुळात पाणी कमी कसे लागेल हेही पाहिले पाहिजे. आग जितकी लहान असताना सापडेल तितके पाणी कमी, या साध्या गोष्टीकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. इगतपुरीजवळ मुंढेगावला १ जानेवारी २०२३ रोजी आणि पुन्हा मे २०२५ मध्ये प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात ज्या आगी लागल्या त्या आपल्या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. माल एकदा पूर्ण पेटला की पाण्याचा हिशेब कोणी ठेवू शकत नाही.

स्प्रिंकलरविषयी लोकांच्या मनात एक चुकीची समजूत आहे. सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुरू होत नाहीत. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते, त्यातला द्रव लाल रंगाचा असेल तर ती साधारण ६८ अंश सेल्सियसला फुटते आणि तेवढाच एक स्प्रिंकलर उघडतो. त्यातून मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी पडते, तर आमच्या एका नळीतून त्याच्या कितीतरी पट. अमेरिकेत २००९ मध्ये एफएम ग्लोबल या विमा कंपनीने सारख्याच सजवलेल्या दोन खोल्या पेटवून पाहिल्या होत्या. स्प्रिंकलर असलेल्या खोलीत एकूण पाणी निम्मेच लागले. आपल्या आकाराच्या गाळ्याला पाण्याची टाकी आणि पंप यांचा खर्च जड जाईल हे मी समजू शकतो. ते शक्य नसेल तर निदान धूरसूचक यंत्रे आणि एक होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली पाण्याची बारीक नळी, बसवावी. होज रीलमधून मिनिटाला पंचवीस-तीस लिटर पाणी येते, परंतु पहिल्या दोन मिनिटांत ते पुरते.

आता जवानांच्या बाजूने दोन शब्द. रात्री दोन वाजता धुराने भरलेल्या शेडमध्ये शिरणाऱ्या माणसाला आत काय आहे ते दिसत नाही. त्याला जिथे उजेड दिसतो तिथे तो पाणी मारतो, आणि काही दिसले नाही तर सगळीकडेच मारतो. फाटकापाशी पत्र्याच्या पेटीत गाळ्याचा साधा हातांनी काढलेला नकाशा ठेवा. मुख्य स्विच कुठे, रोल कुठे, रसायन कुठे, दुसरे दार कुठे, एवढेच त्यात असावे. पेटीला चावी लावू नका. नकाशा हातात आला की कित्येकदा दार फोडावे लागत नाही आणि छप्परही कापावे लागत नाही.

लंडनमध्ये विमा कंपन्यांनी १८६६ मध्ये खास माल वाचवण्यासाठी वेगळे पथक उभे केले होते आणि ते १९८४ पर्यंत चालले. आग विझवणारे विझवत असत आणि हे लोक खालच्या मजल्यावरच्या मालावर ताडपत्र्या टाकत असत. आपल्याकडे तसे पथक नाही, म्हणून ताडपत्र्या आपणच ठेवाव्यात. शेजारचा गाळा पेटला आहे आणि आपला अजून सुरक्षित आहे, अशा वेळी अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दोन कामगारांनी रोलवर ताडपत्री टाकली तरी निम्मा माल वाचतो. परवानगीशिवाय मात्र आत पाऊल टाकू नये. रोल नेहमी १५ सेंटीमीटर उंचीच्या पॅलेटवर ठेवावेत, भिंतीपासून हात दीड हात लांब. उभी थप्पी भिजली असेल तर ती कोसळेपर्यंत तिच्या आसपास कोणालाही फिरकू देऊ नये. आपल्याकडे सकाळी फक्त मशिन सापडले, हे नशीबच म्हणायचे.

नासर्डीकाठची रसायन अभियंता

फायरमन काकांनी उंबऱ्याबद्दल जे लिहिले आहे त्याला जोडून पिवळ्या पाण्याविषयी लिहिते, कारण मी अनेक वर्षे प्लेटिंगच्या सांडपाण्यावर काम केले आहे. पिवळा रंग बहुतेक वेळा सहा संयुजी क्रोमियमचा असतो. ते विषारी आहे, कर्करोगकारक आहे आणि पाण्यात सहज विरघळलेले राहते, त्यामुळे ते आपोआप तळाशी बसत नाही. प्रक्रिया करताना आम्ही आधी आम्ल घालून सामू (पीएच) दोन-तीनपर्यंत उतरवतो, सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे तीन संयुजी क्रोमियम करतो आणि मग चुना घालून सामू आठ-नऊवर नेला की हिरवट गाळ खाली बसतो. हे घरच्या घरी करण्याचे काम नव्हे. ते इथे सांगण्याचे कारण इतकेच की, हे पाणी अडवले तर त्याचे काही करता येते आणि एकदा नाल्यात गेले की काहीच करता येत नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे. जस्त, तांबे आणि चांदीच्या प्लेटिंगमध्ये काही ठिकाणी सायनाइडचे क्षार अजूनही वापरतात, आणि त्याच गाळ्यात धातू धुण्यासाठी आम्लाच्या टाक्या असतात. एरवी ही दोन्ही द्रव्ये वेगवेगळ्या टाक्यांत, वेगवेगळ्या गटारांत राहतात. आग विझवताना मारलेल्या पाण्याने दोन्ही टाक्या भरून वाहिल्या आणि जमिनीवर एकत्र आल्या तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू तयार होतो. म्हणजे एकच मोठा उंबरा बांधून सगळे पाणी एका ठिकाणी अडवणे हा प्लेटिंगच्या गाळ्यात उपाय नसून अपघाताची तयारी आहे. सायनाइडच्या टाक्यांभोवती स्वतंत्र कट्टा आणि आम्लाच्या टाक्यांभोवती स्वतंत्र कट्टा, दोन्हींत टाकीच्या मापापेक्षा अधिक जागा, अशी रचना हवी. आपण शेजाऱ्यांशी बोलाल तेव्हा हा मुद्दा सर्वांत आधी काढावा, आणि त्यांच्याकडे सायनाइड आहे की नाही हे आपल्या फाटकावरच्या नकाशातही लिहावे.

पाण्याने काय होऊ शकते याचे जगभर दिले जाणारे उदाहरण स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळच्या श्वाइझरहाले येथील आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी तिथे सँडोझ कंपनीच्या कीटकनाशकांच्या गोदामाला आग लागली. आग विझली, परंतु विझवण्यासाठी मारलेले हजारो घनमीटर पाणी कीटकनाशके आणि पाऱ्याची संयुगे घेऊन ऱ्हाइन नदीत गेले, नदी रंगद्रव्याने लाल झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. असे पाणी साठवण्याचे हौद तिकडच्या रसायनांच्या गोदामांत त्यानंतर आले. काही वेळा तर अशा गोदामात पाणी कमीत कमी मारून, आजूबाजूच्या इमारती थंड ठेवत, आग ताब्यात ठेवून जळू देणे हा निर्णय कमी नुकसानीचा ठरतो. तो निर्णय अग्निशमन अधिकाऱ्यांचाच असतो आणि धूर वस्तीकडे जाणार नसेल तरच तो घेता येतो. सातपूरसारख्या गजबजलेल्या ठिकाणी त्याला फारसा वाव नाही, हेही खरे.

फोमविषयी एक सूचना. तेलाच्या आगीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फोममध्ये पीएफओएस नावाचे फ्लोरिनयुक्त रसायन असे. ते निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाही, म्हणून २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्यावर निर्बंध घातले. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतून उडणारे तुषार दाबण्यासाठीही हेच रसायन वापरात होते, ही त्यातली गंमत. कागदाच्या आगीला फोमची गरज नसते. कोणी आपल्याला फोमचे सिलिंडर घेण्याचा आग्रह केला तर फ्लोरिनविरहित आहे का, एवढे विचारावे, आणि चाचणीसाठी फोम गटारात सोडून दाखवू देऊ नये.

गोल्फ क्लबजवळचा वाचक

एवढा खर्च कशाला? दर दहा पावलांवर एबीसी पावडरचे सिलिंडर टांगावे. पाणीच लागणार नाही, मग नाल्याचाही प्रश्न नाही.

निवृत्त फायरमन

सिलिंडर हवेतच, परंतु पावडरच्या भरवशावर कागदाचे गोदाम सोडू नये. रोलच्या आतल्या थरांत धुमसणारी आग पावडरने वरवर विझते आणि तासाभराने पुन्हा डोके काढते. शिवाय ती पावडर मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेटची असते. हवेतील दमटपणा शोषून ती विद्युत पॅनेल आणि छपाईच्या मशिनचे धातूचे भाग गंजवते, म्हणजे आग विझते आणि मशिन महिन्याभराने बंद पडते. पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर ठेवावे, रोलजवळ पाण्याचे किंवा होज रील. आणि पॅनेल चालू असताना त्यावर पाणी मारू नये, हे कामगारांना दर सहा महिन्यांनी पुन्हा सांगावे लागते.

विमा सर्वेक्षक

पुठ्ठेवाले साहेब, आपण विम्याचा उल्लेख केलेला नाही, तरी थोडे लिहितो. आग विझवताना पाण्याने झालेले नुकसान हे आगीचेच नुकसान मानले जाते, आग शेजारच्या गाळ्यात लागलेली असली तरी. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटी रुपयांपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ अशा पॉलिसी आहेत. आपल्याकडे कोणती आहे आणि हंगामात वाढलेला साठा तिच्यात धरला आहे का, ते पाहावे. द्राक्षांच्या हंगामापूर्वी दुप्पट माल भरणारे बहुतेक जण विमा मात्र पावसाळ्यातल्या साठ्यावर काढतात आणि मग दावा त्याच प्रमाणात कापला गेला की आमच्यावर रागावतात.

भिजलेले रोल सर्वेक्षक येईपर्यंत जागेवरच कुजत ठेवणे ही नेहमीची चूक. फोटो काढावेत, रोलवरचे क्रमांक टिपावेत, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि कोरडा माल लगेच वेगळा करावा, कारण नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. ओले रोल बुरशी धरण्यापूर्वी कागद गिरणीला लगद्यासाठी विकले तर त्यांना भाव येतो. नाल्यात गेलेल्या पाण्याची साफसफाई आणि त्याबद्दलची कायदेशीर जबाबदारी ही आगीच्या साध्या पॉलिसीत येत नाही, हे शेजाऱ्यांना जरूर कळवावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावयाचे, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वेळेवर दिलेले असले, तर दाव्याच्या वेळी बरीच प्रश्नोत्तरे वाचतात.

जळालेले पत्रे सिमेंटचे होते की लोखंडाचे? जुन्या गाळ्यांवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतात. आगीत ते तडतडून फुटतात आणि त्यांचे तंतू हवेत जातात. त्यांचा ढिगारा कोरडा झाडू नये, हलके पाणी शिंपडून तुकडे हातमोजे व मास्क घालून उचलावेत आणि जाड पिशव्यांत बंद करून धोकादायक कचऱ्याच्या मार्गानेच पाठवावेत.

जुन्या नाशकातला वाचक

हिशेबाच्या वह्या भिजल्या असतील तर एक छोटी सूचना, कारण आमच्या वाड्यातली कागदपत्रे अशीच भिजली होती आणि आम्ही ती उन्हात वाळवून वाया घालवली. ओला कागद उबदार हवेत ठेवला तर ४८ तासांच्या आसपास बुरशी धरू लागतो आणि गुळगुळीत कागद तर एकमेकांना कायमचे चिकटतात. जी लगेच वाळवता येणार नाहीत ती कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून गोठवावीत, मग सवडीने थोडी थोडी बाहेर काढून पंख्याखाली वाळवता येतात. लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला १९८८ मध्ये आग लागली तेव्हा जळालेल्या पुस्तकांपेक्षा भिजलेल्यांची संख्या कितीतरी पट होती आणि तिथेही पुस्तके गोठवून वाचवावी लागली. आपल्याकडे शीतगृहे पुष्कळ आहेत, परंतु द्राक्षांचे शीतगृह शून्य अंशाच्या आसपास असते, त्याचा इथे उपयोग नाही. आइस्क्रीमवाल्यांचे उणे १८ अंशांचे लागते.

पुठ्ठेवाला, सातपूर

सर्वांचे आभार. पत्रे जुन्या सिमेंटचेच होते आणि आम्ही ते दुसऱ्याच दिवशी खराट्याने झाडले, हे लिहिताना लाज वाटते. उरलेला ढिगारा मागच्या बाजूला पडून आहे, त्याचे सर्वेक्षक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे करतो.

शेजाऱ्यांशी काल बोललो. सायनाइडची एक टाकी आहे, आणि आम्लाची टाकी तिच्यापासून फक्त चार पावलांवर. त्यांनाही ही गोष्ट नव्याने कळली असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. दोन कट्टे ते मार्चअखेर बांधणार आहेत. मी फाटकाचा उंचवटा आणि गटाराचा व्हॉल्व्ह यांचे काम गवंड्याला दिले आहे. रोल पॅलेटवर चढवून झाले, पण भिंतीपासून दीड हात सोडल्यावर चौदा रोलना जागा उरली नाही. ते सध्या आवारात ताडपत्रीखाली आहेत, म्हणजे जिथे पाणी साठवायचे ठरले आहे नेमके तिथेच. त्यांच्यासाठी रस्त्यापलीकडच्या गाळ्यात भाड्याने जागा पाहतो आहे.

काका, एक शेवटचे विचारायचे राहिले. व्हॉल्व्ह फाटकाच्या आत बसवू की बाहेर? आत बसवला तर धुरात पहारेकरी तिथपर्यंत जाईल का, अशी शंका आहे.

निवृत्त फायरमन

व्हॉल्व्ह आपल्याच हद्दीत, परंतु फाटकाला लागून बसवावा आणि त्याचा दांडा बाहेरून कुंपणावरून हात घालून फिरवता येईल इतका उंच ठेवावा. त्यावर लाल रंगाने ‘आग लागल्यास बंद करा’ असे मराठीत आणि हिंदीत लिहावे. रात्री बंबावरून उतरणारा पहिला जवान आपल्या पहारेकऱ्याला ओळखत नाही, पण पाटी वाचतो.